दुसऱ्या बाजूची बाई

"डोळे मिटा," केळुसकर सर म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी मिटले.

रविवारची सकाळ होती. प्रभात रोडवरच्या त्या फ्लॅटचे पडदे ओढलेले होते आणि सतरंजीवर आम्ही सात-आठ माणसं सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखी मांडी घालून बसलो होतो. कॅसेट फिरत होती. एक ऑर्गन बराच वेळ एकाच सुरावर रेंगाळला, मग लांबून कुठूनतरी खसखस-खस, खसखस-खस असा घासल्यासारखा ताल सुरू झाला. मी एक डोळा किलकिला केला. सरांनी उजव्या हाताची तर्जनी हळूहळू वर नेली.

"आली," ते पुटपुटले.

आणि खरंच आली. एका बाईचा आवाज. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. खालून वर चढणारी एक ओळ, वर जाऊन जराशी थरथरणारी, मग सावकाश खाली उतरणारी. ती उतरू लागली तसं सरांचं बोटही उतरलं. चार-पाच वेळा ती ओळ आली आणि बाई जशी आली तशी नाहीशी झाली.

कुणीतरी सुस्कारा सोडला. बहुधा दातांचे डॉक्टर फाटक. ते दर वेळी सोडत.

"ब्लूजचं रडणं आणि सायकेडेलियाचं नशेतलं स्वप्न," सर म्हणाले, "यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. त्या उंबरठ्यावर ही बाई उभी आहे. कापसाच्या शेतातली गुलाम स्त्री आहे ती. तिच्या हुंकारात तीनशे वर्षं आहेत. आणि तो ताल, सुनीती, लिहून घे. ते वाद्य पश्चिम आफ्रिकेतलं आहे. ओल्या वाळूवर कातडं घासतात."

मी लिहून घेतलं. सव्वीस वर्षांची होते, एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत काम करत होते. 'कॉपर म्यूल्स' या इंग्लिश बँडच्या 'रिव्हर अपसाइड डाउन' या अल्बमला वीस वर्षं होत होती आणि संपादकांनी मला त्याचं मूल्यमापन करणारा लेख सांगितला होता. "केळुसकरांना भेट," ते म्हणाले होते. "त्यांचं मत घे. तुझं घालू नकोस."

अच्युत केळुसकर म्हणजे पुण्यातलं रॉकमधलं शेवटचं न्यायालय. तत्त्वज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'नादपंथ' नावाचं हे मंडळ काढलं. मंडळ दर रविवारी जमे आणि बहुतेक रविवारी हाच अल्बम ऐके. सरांचा या अल्बमवरचा ग्रंथ छापायला गेला होता. त्यातली तीन प्रकरणं या एका बाईवर होती. 'ग्लास ऑर्चर्ड' नावाच्या, दुसऱ्या बाजूच्या त्या लांबलचक गाण्यात ती येई. सरांच्या मते बाकीचा अल्बम हा तिच्या येण्याची तयारी होता.

मला विचाराल तर पहिली बाजू जास्त चांगली होती. सरळ साधी ब्लूजची गाणी, माउथ ऑर्गन, जीव ओतून वाजवलेली गिटार. दुसऱ्या बाजूला त्यांनी उलटी फिरवलेली टेप, प्रतिध्वनी आणि सतार असं सगळं एका पातेल्यात टाकून ढवळलं होतं. सतार तर अशी वाजवली होती की शेजाऱ्यांकडून बघायला आणलेली ती चुकून हातातून पडली असावी. पण हे मी तिथे बोलले नाही. तिथे बोलायची पद्धत नव्हती.

चहा मात्र उत्तम मिळे. तो कालिंदीकाकू आणत. सरांची बायको. पन्नाशीच्या आसपासची, ठेंगणी, कुडाळकडची. ट्रे ठेवत, "साखर कमी कुणाला?" विचारत आणि परत जात. सर त्यांच्याकडे न बघताच कप उचलत. एकदा मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही पण बसा ना ऐकायला."

सरच हसून म्हणाले, "तिला नाही यातलं कळत. तिचा कान वेगळा आहे."

काकूही हसल्या. "मला आतून सगळं ऐकू येतं गं," एवढंच म्हणाल्या.

माझा लेख अर्धा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. त्या रविवारी डॉ. फाटक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून आले. चेहरा नवऱ्या मुलासारखा.

"सर, लंडनहून मेहुणा आलाय. मूळ तबकडी आणायला सांगितली होती मी. अल्बम निघाला त्याच वर्षीची आहे."

नादपंथात असं काही कधी घडलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीही मूळ रेकॉर्ड पाहिली नव्हती; खुद्द सरांनीही ती एकदाच हातात घेतली होती. एकाहत्तर साली सरांचे एक मित्र ती विलायतेतून घेऊन आले होते. सरांनी ती त्यांच्याकडून मागून आणली आणि टेपच्या स्पूलवर उतरवून घेतली. मित्र रेकॉर्ड घेऊन परत गेले. त्या स्पूलची कॅसेट झाली, त्या कॅसेटच्या कॅसेटी झाल्या आणि नादपंथातल्या प्रत्येकाच्या घरी त्यातली एकेक देवघरातल्या गंगाजलासारखी जपून ठेवलेली होती.

सरांनी हात धुतले. पुसले. मग रेकॉर्ड कव्हरातून काढली आणि कडेने धरून खिडकीच्या उजेडात तिरकी करून बघितली.

"लावा," ते म्हणाले.

पहिली बाजू सुरू झाली आणि विमा कंपनीतले खांडेपारकर जागेवरून उठलेच. "अहो, यात बास गिटार आहे की!"

"होतीच," सर म्हणाले. "आपल्या कॅसेटमध्ये ती सूचित होती."

"तेही खरं," खांडेपारकर म्हणाले आणि बसले.

मला तर कुणीतरी चष्म्याची काच पुसून दिल्यासारखं झालं होतं. ड्रम वेगळे ऐकू येत होते. गाणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. त्या एका बाजूसाठी मी फाटकांच्या मेहुण्याला दुवा दिला. मग रेकॉर्ड उलटली गेली, सगळ्यांनी डोळे मिटले, 'ग्लास ऑर्चर्ड' सुरू झालं. ऑर्गन रेंगाळला. सरांचं बोट वर गेलं.

बाई आली नाही.

ऑर्गन रेंगाळतच राहिला. खसखसही नाही. बोट हवेत तसंच. मग सतार वाजायला लागली, म्हणजे बाईची जागा निघून गेली होती.

"सुई सरकली," सर म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा लावली. मग आणखी एकदा. सुई सरकत नव्हती. बाई नव्हतीच.

फाटकांच्या कपाळावर घाम आला. "सर, मी परत पाठवू का ही? मेहुणा अजून पंधरा दिवस आहे."

"पाठवू नका." सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम व्याख्यानाचा झाला. "अर्थ लक्षात येतोय का तुमच्या? तिला काढून टाकलंय. आपल्याकडे जी प्रत उतरवली गेली ती पहिली, अस्सल आवृत्ती होती. नंतर कंपनीने, त्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी, तिचा गळा दाबला. बाजारात विकायची म्हणून हे असलं गुळगुळीत संस्करण काढलं."

"साम्राज्यवाद," खांडेपारकर म्हणाले.

"साम्राज्यवादच! तिचं एकमेव अस्तित्व आता आपल्याकडे आहे. या घरात." सर येरझारा घालू लागले. "शनिवारच्या व्याख्यानात हेच बोलतो. मुंबईहून मंडळी येतायत, प्रकाशक आहेत. आणि तिकडच्या मासिकालाही निबंध पाठवतो. त्यांच्या तोंडावर फेकतो पुरावा. सुनीती, तुझ्या लेखाचा मथळाच हा."

पाणी पिण्याच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले.

कालिंदीकाकू ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. खांदे हलत होते. मी घाबरले.

"काकू, काय झालं?"

त्या वळल्या. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडत नव्हत्या, हसत होत्या. हसू आवरण्यासाठी त्यांनी एका हाताने ओटा घट्ट धरला होता.

"साम्राज्यवाद," त्या कशाबशा म्हणाल्या आणि पुन्हा पदर कोंबला.

"अहो, पण झालंय काय?"

त्यांनी डोळे पुसले. दाराकडे एकदा बघितलं.

"अगं, ती बाई मी आहे."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचो. टेपला थेट जोडायची वायर-बियर काही नव्हती. स्पीकरसमोर स्टूल, स्टुलावर माइक. पहिली बाजू हे स्वतः समोर बसले. दुसऱ्या बाजूला कंटाळले नि मित्राबरोबर कोपऱ्यावर चहाला गेले. जाताना मला म्हणाले, टेप चालू आहे, खोलीत पाऊल टाकायचं नाही. नाही टाकलं मी. दाराच्या अलीकडे बसून तांदूळ पाखडत होते."

"म्हणजे ते पश्चिम आफ्रिकेतलं वाद्य..."

"सूप." पुन्हा त्यांचे खांदे हलले. "हात चालू असला की मला गुणगुणायची सवय. माझी आई दळताना ओवी म्हणायची, तिची चाल. किती वेळ गुणगुणले मलाही कळलं नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

काकूंनी गॅस बारीक केला. चहा उतू जायला आला होता.

"मला बघायला आले तेव्हा मी गाऊन दाखवलं होतं. शिकत होते तेव्हा. यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, गळा बरा आहे, पण हौसेपुरताच. उगाच वाढवू नये. लग्नानंतर मग नाहीच वाढवला. हे घरात असले की गुणगुणतही नसे. त्या दिवशी टेप परत लावून ऐकायला बसले तेव्हा मी दाराआडच थांबले. वाटलं, आता बोलणी बसणार. तर हे म्हणतात, वा! काय आवाज आहे! कोण ही बाई?" त्यांनी कपांत चहा ओतायला घेतला. "लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिल्यांदाच मला नावं ठेवली नव्हती त्यांनी. म्हटलं, राहू दे. दर रविवारी आतून ऐकायचे मी. तुझे सर तिच्याबद्दल काय काय बोलायचे! तीनशे वर्षं, उंबरठा..."

बाहेरून सरांचा आवाज येत होता. ते मासिकाला पाठवायच्या निबंधाचं पहिलं वाक्य इंग्रजीत जुळवत होते.

काकू ऐकत थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"शनिवारी मुंबईची माणसं येणार ना गं? आणि ते विलायतेला पण पाठवणार म्हणतायत."

"हो."

"तिथे कुणीतरी विचारेलच की, आमच्या गाण्यात ही बाई कुठनं आली. हसू होईल त्यांचं." त्यांनी ट्रे उचलला, परत ठेवला. "इथे चाललं होतं, घरातल्या घरात. आता सांगायला हवं."

ट्रे तिथेच सोडून त्या बाहेर गेल्या. मी मागोमाग.

"अहो," त्या म्हणाल्या. "जरा ऐकता का?"

"चहा ठेव तिथे," सर म्हणाले.

"चहा नाही. त्या टेपमधली ती बाई मी आहे."

सरांनी चष्मा काढला. "कोणती बाई?"

काकूंनी मला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. सदाशिव पेठ, स्टूल, दाराच्या अलीकडे बसणं, सूप. फार सांभाळून, आजारी माणसाला बातमी सांगावी तसं. पहिल्यांदा हसले खांडेपारकर. मग त्यांनी सरांकडे बघितलं आणि हसू गिळलं.

सर मात्र रागावले नाहीत. उलट त्यांनी फार समजूतदार चेहरा केला. "कालिंदी, असं होतं. एखादी कलाकृती आपण इतक्यांदा ऐकतो की ती आपलीच वाटायला लागते. याला मानसशास्त्रात नाव आहे."

"नाव असेल. पण ती मीच आहे."

"बरं. मग गा."

ते असं म्हणाले की त्यावर कुठलीही बाई ओशाळून आत निघून गेली असती. काकूही आत गेल्या. पण परत आल्या त्या सूप घेऊन. त्यात ओंजळभर तांदूळ होते. सतरंजीवर, स्पीकरच्या समोर, त्यांनी बैठक मारली, सूप हातात तोललं आणि पाखडायला लागल्या. खसखस-खस. खसखस-खस.

सवयीने सगळ्यांचे डोळे मिटले. मी उघडेच ठेवले, त्यामुळे मला दिसलं. काकूंनी गायला सुरुवात केली. तीच ओळ. खालून वर चढणारी, वर जाऊन थरथरणारी. आवाज आता थोडा जाड झाला होता, पण तोच. डॉ. फाटकांनी डोळे उघडले आणि त्यांचं तोंडही उघडंच राहिलं. आणि सरांची तर्जनी, मांडीवर ठेवलेली, आपोआप वर गेली. थेट त्याच जागी. ओळ उतरू लागली तशी खाली आली.

मग त्यांचं त्यांनाच ते समजलं असावं. त्यांनी झटकन तो हात दुसऱ्या हाताखाली दाबला.

काकू थांबल्या. पडद्यामागे रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

सरांनी घसा खाकरला.

"नक्कल म्हणून चांगली आहे," ते म्हणाले. "बरीच जवळ गेलीस. पण मूळ बाईच्या आवाजात जी वेदना आहे ती यात नाही. शिवाय तुझा आवाज किंचित नाकात आहे."

"किंचित आहे खरा," खांडेपारकर म्हणाले.

डॉ. फाटक आपल्या रेकॉर्डच्या कव्हरावरची धूळ झटकत राहिले, तिथे धूळ नसताना.

मला वाटलं, आता काकू रडतील. किंवा सूप फेकतील. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. दुकानात बऱ्याच दिवसांपासून बघून ठेवलेली वस्तू हातात घेतल्यावर भलतीच हलकी निघावी, तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी सतरंजीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचले, सुपात टाकले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग ती तुमची तुम्हाला. माझा आवाज माझ्याकडे."

आणि आत गेल्या. त्या रविवारी चहा स्वयंपाकघरातच निवला.

शनिवारचं व्याख्यान झालं आणि दणक्यात झालं. सभागृहात लोक उभे होते. सरांनी गळा दाबलेल्या बाईची कहाणी सांगितली, कॅसेट वाजवली, मुंबईच्या एका पाहुण्यांनी रुमाल काढला. एकानेही काही विचारलं नाही. काकूंची भीती फुकट गेली. विलायतेच्या मासिकाने निबंधाची पोचसुद्धा दिली नाही, तेव्हा सरांनी त्यालाही पुरावाच मानलं.

माझा लेखही छापून आला. मी लिहिलं की अल्बमची पहिली बाजू मोठ्या ताकदीची आहे, ब्लूज त्या बँडला मनापासून कळला होता. दुसऱ्या बाजूला ते स्वप्न बघायला गेले आणि झोपी गेले. सतारीबद्दलही लिहिलं. शेवटचं वाक्य होतं: 'पुण्यात लोक जिच्यासाठी हा अल्बम ऐकतात ती बाई त्यात नाहीच, ती प्रभात रोडला राहते.' संपादकांनी तेवढं कापलं. म्हणाले, "खासगी पत्ते छापत नाही आपण." सरांनी त्यानंतर मला रविवारी बोलावणं बंद केलं.

ग्रंथ दिवाळीनंतर आला. तिन्ही प्रकरणं जशीच्या तशी. फक्त एका पानाखाली बारीक टाइपात तळटीप: 'या स्वराच्या उगमाविषयी काही घरगुती मतभेद आहेत. त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत होय.'

काकूंनी स्वतःच पिशवीतून ग्रंथ काढून ती मला दाखवली. लक्ष्मी रोडवर भेटल्या होत्या, हातात तंबोऱ्याला घालायची नवी गवसणी होती. रविवारी सकाळी त्या नारायण पेठेत गाणं शिकायला जात. गुरू त्यांच्या निम्म्या वयाची होती आणि वर्गात बहुतेक फ्रॉकमधल्या मुली. नादपंथाचे लोक आता चहाचा थर्मास घरून आणत.

"सर काही म्हणाले नाहीत?" मी विचारलं.

"म्हणाले की. या वयात गळा तयार होत नाही म्हणाले. मी म्हटलं, तयार कुणाला करायचाय?"

पुढच्या वर्षी त्या वर्गाचा कार्यक्रम झाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी गेले. मुलींची गाणी संपल्यावर शेवटी काकू बसल्या. सुरुवातीला जरा अडखळल्या, एकदा समेवर यायला चुकल्या, स्वतःशीच हसल्या आणि पुढे गायल्या. मग त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं. दिलेली वेळ उलटून गेली तरी त्या गात होत्या आणि पेटीवाला घड्याळाकडे बघायचं विसरला होता.

शेवटच्या रांगेत केळुसकर सर होते. कधी येऊन बसले कळलं नाही. हाताची घडी, डोळे मिटलेले. टाळ्या थांबल्यावरही त्यांनी ते लगेच उघडले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर मी काकूंपाशी उभी होते. मुलींच्या आया त्यांच्या पाया पडत होत्या. सर गर्दीतून वाट काढत आले. डोळे लाल होते. त्यांनी चष्मा सारखा केला, मला मान हलवून ओळख दिली आणि बायकोकडे वळले.

"कालिंदी, मला वाटतं, तुझा जो मध्यम आहे..."

काकूंनी खांद्यावरची कापडी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली.

"पिशवी धरा," त्या म्हणाल्या. आणि पायऱ्या उतरून पुढे चालू लागल्या.